दानात आलेले यंत्र आणि आपली मुले

रौप्यमहोत्सवी सप्ताहात धर्मग्रामाच्या सभागृहात वाचलेले भाषण



महोत्सवाच्या प्रसंगी बोलावयास उभे राहणाऱ्याकडून गतकाळाच्या स्तुतीची अपेक्षा असते, आणि आपल्या धर्मग्रामाच्या गतकाळात स्तुतीस पात्र असे पुष्कळ आहे. परंतु समितीने शाळेच्या वतीने आम्हांस जो विषय नेमून दिला आहे, तो गतकाळाचा नव्हे. आपल्या औद्योगिक पट्ट्यातील एक कंपनी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून प्राथमिक वर्गांच्या तंत्रशिक्षणाच्या तासासाठी काही टॅब्लेट, खुणा छापलेले पुठ्ठे व डोळ्यांवर चढविण्याचे चार चष्मे देऊ करीत आहे. ते घ्यावे की न घ्यावे, आणि घ्यावयाचे तर कोणत्या रीतीने, ह्याचा विचार पालकांपुढे मोकळेपणाने मांडावा, अशी आज्ञा झाली आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगितले पाहिजे, कारण तिचे नाव तिच्याहून अवजड आहे. इंग्रजीत तिला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी म्हणतात. मराठीत कोणी ‘संवर्धित वास्तव’ असा शब्द योजिला आहे. टेबलावर एक पुठ्ठा ठेवावा. त्यावर काळ्या चौकटीची एक खूण छापलेली असते. टॅब्लेटचा कॅमेरा त्या खुणेचे चार कोपरे ओळखतो. ते कोपरे पडद्यावर किती जवळ व किती तिरपे दिसतात, ह्यावरून पुठ्ठा किती अंतरावर व कोणत्या कोनात आहे ह्याचे गणित यंत्र करते. आणि त्या गणिताबरहुकूम, पुठ्ठ्यावर जणू एखादे इंजिन किंवा हृदय उभे आहे, असे चित्र पडद्यावर रेखाटते. पुठ्ठा फिरविला की चित्र फिरते. मागील बाक, खिडकी, शेजारी बसलेला मित्र, हे सर्व जसेच्या तसे दिसतच असते. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणून जी दुसरी वस्तू आहे, ती डोळे झाकून माणसास निराळ्याच जगात नेते. ही आहे त्या जगातच एक चित्र आणून ठेवते, एवढेच.

ही विद्या खेळण्यांच्या दुकानात जन्मली, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. डोक्यावर चढवून चित्र पाहण्याचे यंत्र आयव्हन सदरलंड ह्यांनी अमेरिकेत १९६८ सालीच करून दाखविले होते. परंतु ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी हे नाव पडले ते १९९० च्या सुमारास, बोइंग ह्या विमाने बांधणाऱ्या कंपनीत. विमानाच्या अंगात विजेच्या तारांचे जे जुडगे असतात, ते कामगार मोठमोठ्या फळ्यांवरील आखणी पाहून बांधीत, व निरनिराळ्या जुडग्यांसाठी निरनिराळ्या फळ्या लागत. ती आखणी फळीवर न काढता कामगाराच्या डोळ्यांपुढेच दिसावी, अशी कल्पना टॉम कॉडेल व डेव्हिड मिझेल ह्या दोघांनी मांडली. हिची एक बहीण तर आपल्या अगदी ओळखीची आहे. क्यूआर कोड म्हणून जी चौकोनी खूण भाजीवाल्याच्या गाडीवरही आता दिसते, ती जपानात मोटारींचे भाग बनविणाऱ्या डेन्सो ह्या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली शोधून काढली, आणि तिचा मूळ उद्देश सुट्या भागांची नोंद जलद व्हावी हा होता. चाकणच्या स्टोअरमध्ये आपल्यापैकी जे रोज पेट्यांवरील खूण स्कॅन करतात, त्यांच्या हातातील विद्या व त्यांच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकातील खूण ही एकाच घराण्यातील आहेत. कामगारांच्या वस्तीने ह्या विद्येस परकी मानण्याचे काही कारण नाही.

दान घेणे कमीपणाचे आहे, असे आमच्या काही वडीलधाऱ्यांनी बोलून दाखविले. त्यांस आम्ही पिंपरीचेच उदाहरण देऊ. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. आपल्या कित्येक कुटुंबांचे ह्या भागातील पहिले पाऊल त्याच्या आसपास पडले. त्या कारखान्याच्या यंत्रसामग्रीस युनिसेफचे साहाय्य होते व तंत्राच्या मार्गदर्शनास जागतिक आरोग्य संघटनेचे. पेनिसिलिन करण्याची रीत बाहेरून आली. परंतु पुढे तेथील संशोधकांनी हमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरील औषध स्वतः शोधून काढले. दानात आलेल्या यंत्रावर आपले ज्ञान चढविता येते की नाही, एवढाच प्रश्न उरतो. आणि शाळेपुढेही तोच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, व तो मातांचा आहे. २०२० व २०२१ ह्या वर्षांत शाळा बंद असता ह्याच मुलांच्या हाती मोबाईल आला. एक खोली, एक मोबाईल, अभ्यासास दोन भावंडे आणि रात्रपाळी करून निजलेला बाप, हे चित्र येथील कोणास वर्णन करून सांगावयास नको. तो मोबाईल कित्येक घरांत अजून मुलांच्या हातून सुटलेला नाही. आणि आता शाळाच दुसरा पडदा पुढे करणार काय, असे एका मातेने आम्हांस विचारले. हा प्रश्न आम्ही टाळू इच्छीत नाही. किंबहुना आमच्या सर्व विचाराचा आरंभ त्या प्रश्नापासूनच झाला आहे.

कारण आपल्या मुलांस पाहण्याची उणीव नाही. त्यांस हाताळावयास मिळत नाही, ही खरी उणीव आहे. बंधुभगिनींनो, आपण कोठून आलो? कोणी राहुरीहून, कोणी श्रीरामपूर-संगमनेराकडून, कोणी मराठवाड्यातून. आपले पुरुष व आता पुष्कळ स्त्रियाही भोसरी, तळवडे, चाकण येथील कारखान्यांत फिटर, वेल्डर, तपासनीस, कंत्राटी कामगार म्हणून राबतात. खेड्यातील सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून पटाशी धरावयास शिके. कुंभाराची मुलगी चाकाशी खेळे. आपल्या मुलांस हे भाग्य नाही. ज्या फाटकाच्या आत बाप आठ तास असतो, त्या फाटकाच्या आत मुलास प्रवेश नाही, आणि तो नसावा हेच योग्य. परंतु त्याचा परिणाम असा झाला आहे की, देशात नावाजलेल्या मोटारी जेथे तयार होतात तेथे वाढणाऱ्या मुलास बापाच्या कपड्यांना येणारा कूलंटचा वास ओळखता येतो. बाप काय करतो ते सांगता येत नाही. आम्ही चौथीच्या वर्गात विचारून पाहिले. ‘कंपनीत जातात’ ह्यापलीकडे उत्तर आले नाही.

अशा मुलास टॅब्लेटवर तरंगणारे इंजिन दाखविले तर तो टाळ्या वाजवील, ह्यात संशय नाही. परंतु ते इंजिन त्यास बापाच्या हातांपर्यंत नेईल की त्यापासून आणखी दूर नेईल? आम्ही ह्या दानाची परीक्षा ह्याच प्रश्नाने करावी असे म्हणतो. संत थोमास केवळ पाहून समाधान होईना. हात लावल्यावाचून आपण मानणार नाही, असे तो म्हणाला. धर्मोपदेशकांनी त्यास ह्याबद्दल आजवर पुष्कळ बोल लाविले आहेत, व ते त्यांच्या परीने योग्यच असतील. पण तंत्रशिक्षणाच्या शिक्षकास तो प्रेषित फार जवळचा वाटतो.

ह्यास्तव आम्ही एक पाठ कल्पून पाहिला, तो सविस्तर सांगतो. विषय हापसा. हापसा सर्वांनी पाहिला आहे. गावी सुट्टीत मुलांनी मारलाही आहे. परंतु पाणी वर कसे येते हे कोणास दिसत नाही, कारण ज्या नळकांड्यात सर्व कारभार चालतो ते जमिनीच्या पोटात खोल असते. दांडा खाली दाबला म्हणजे आतील सळई वर उचलली जाते, दट्ट्याची झडप मिटते, वरील पाणी वर ढकलले जाते, आणि तळाची झडप उघडून नवे पाणी आत येते. दांडा वर गेला की उलट: तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते, आणि दट्ट्या पाण्यातून खाली उतरतो. फळ्यावर हे काढून दाखविताना शिक्षकाचा अर्धा तास जातो, व वर्गातील निम्म्या मुलांस दोन्ही झडपा एकाच वेळी उघडतात असे वाटत राहते. येथे हे यंत्र खरोखर उपयोगी आहे. पुठ्ठा टेबलावर ठेवावा, दहा मिनिटे चौघा मुलांनी मिळून एका टॅब्लेटवर झाकलेले उघडे पाहावे, आणि मग टॅब्लेट मिटून ठेवावा. उरलेला तास प्लास्टिकच्या नळीचा तुकडा, दोन गोट्या, रबराची चकती व सळई घेऊन हापसा करावयाचा. गोटी नीट बसत नाही, पाणी गळते, चकती सैल होते. तेव्हा मुले पुन्हा चित्राकडे जातात, आणि ह्या वेळी त्यांच्याजवळ विचारावयास प्रश्न असतो. जी वस्तू उघडून दाखविता येते तिच्यासाठी टॅब्लेट काढूच नये. नळाची तोटी पान्ह्याने उघडता येते. तिचे हवेतले चित्र कशास हवे?

हापशाचे नाव निघाले म्हणून त्याची एक जुनी हकीकतही सांगावीशी वाटते. गावोगाव विंधन विहिरी घेऊन त्यांवर पंप बसविण्याचे परोपकारी काम मोठ्या प्रमाणावर झाले. परंतु १९७० च्या दशकाच्या मध्यास युनिसेफने पाहणी केली, तेव्हा बसविलेल्या पंपांपैकी बहुसंख्य बंद पडलेले आढळले. विलायती अंगणासाठी आखलेला बिडाचा पंप. त्यावर सारे गाव दिवसभर लोंबकळणार, तो टिकणार कसा! त्यावर उपाय निघाला तो आपल्या महाराष्ट्रात. जालना व सोलापूर येथे मिशनच्या कामातील माणसांनी व कारागिरांनी मजबूत पंप घडविले, व सोलापूरच्या नमुन्यावरून पुढे ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला, जो आज कित्येक देशांत चालतो. आम्हांस ह्यात बोधापेक्षा हिशेब अधिक दिसतो: देणाऱ्याने पंप मोजले, दुरुस्तीचा माणूस मोजला नाही.

टॅब्लेटच्या बाबतीत तर मोडतोड न होताही वस्तू बंद पडते. शाळांसाठी गुगल कंपनीने ‘एक्स्पिडिशन्स’ नावाची योजना २०१५ मध्ये काढली, पुढे तीत हीच विद्या घातली, आणि २०२१ च्या जूनअखेर ती बंद केली. मायक्रोसॉफ्टच्या ‘होलोलेन्स’ ह्या बहुमोल चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. दोष देण्याचे कारण नाही. व्यापार आहे, तो व्यापाराच्या रीतीने चालणार. परंतु धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो, आणि बंद पडलेली दानाची यंत्रे कपाटात कुलूप लावून ठेवणाऱ्या शाळाही आपण पाहिल्या आहेत. कुलूप लावणारा मुख्याध्यापक आळशी असतो असे नव्हे. पुष्कळदा मोडले तर भरून द्यावे लागेल ह्या भयाने तो ते लावतो.

आता भाषेविषयी. ह्या टॅब्लेटांबरोबर जे पाठ येणार आहेत ते इंग्रजीत आहेत, व बोलणारा आवाजही परदेशी आहे. त्यात काय बिघडले, असे दान देणाऱ्या सज्जनांनी आम्हांस विचारले. ह्याचे उत्तर आपल्या कॅथॉलिक इतिहासातच आहे. १५५६ साली येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर एक छापखाना गोव्यास उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियास. परंतु पुढे गेला नाही, व गोव्यातील संत पॉल कॉलेजात राहिला. हिंदुस्थानातील पहिला छापखाना असा वाट चुकलेल्या देणगीसारखा आला. त्याच संघातील ब्रदर जुआंव गोन्साल्विस ह्यांनी खपून तमिळ अक्षरांचे खिळे तयार केले, आणि १५७८ साली कोल्लम येथे तमिळ पुस्तक तमिळ अक्षरांत छापून निघाले. आपल्या देवनागरीच्या नशिबी तसा खिळे करणारा त्या काळी आला नाही. म्हणून फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे क्रिस्तपुराण, ज्यात मराठीची थोरवी गायिली आहे ते पुराण, १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. यंत्र साठ वर्षे दाराशी होते, अक्षरे नव्हती. देवनागरी खिळ्यांत मराठीविषयीचे पुस्तक छापून निघाले ते १८०५ साली, विल्यम केरी ह्यांचे व्याकरण, बंगालातील श्रीरामपूरास. आपल्यापैकी अनेकांच्या माहेरच्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही, हे मुलांस आवर्जून सांगावे लागते.

ह्याच्या उलट उदाहरण अगदी अलीकडचे आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी येथे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे. श्री. रणजितसिंह डिसले २००९ साली तेथे शिक्षक म्हणून गेले, तेव्हा शाळेची इमारत गुरांचा गोठा व कोठीची खोली ह्यांमध्ये दाटलेली होती, आणि मुलांची घरची भाषा कानडी असल्यामुळे पाठ्यपुस्तक त्यांस परके होते. त्यांनी ती भाषा आपलीशी केली, पाठ मुलांच्या भाषेत आणले, व मग पुस्तकात क्यूआर कोड बसवून त्यामागे कविता, गोष्टी व स्वाध्याय ठेविले. पुढे २०१७ पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ह्या खुणा येऊ लागल्या. २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक त्यांस मिळाले, आणि दहा लक्ष डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. वर्तमानपत्रांनी त्या रकमेचे कौतुक पुष्कळ केले. आम्हांस त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी मुलाची भाषा, मग खूण.

म्हणून आम्ही दात्यांस जे कळविले आहे ते आपल्यापुढे ठेवतो. टॅब्लेट आम्ही आनंदाने घेऊ. चष्मे प्राथमिक वर्गांसाठी घेणार नाही. मेटा कंपनीने आपल्या अशा चष्म्यांसाठी १३ वर्षांची वयोमर्यादा ठेविली होती, ती २०२३ मध्ये पालकांच्या परवानगीने १० वर आणली, आणि आमची बहुतेक मुले त्याहूनही लहान आहेत. ज्या पाठांतील शब्द आम्हांस बदलता येणार नाहीत ते पाठ नकोत. एआर डॉट जेएस नावाचे एक साधन मोफत व खुले आहे, साध्या मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालते. आपल्या धर्मग्रामातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी त्यावर हापशाचे चित्र बसवून मराठी शब्द लिहिण्याचे काम अंगावर घेतले आहे. मुलांची नावे व छायाचित्रे मागणारे कोणतेही खाते आम्ही पालकांच्या लेखी संमतीवाचून उघडणार नाही.

आणि निधीविषयी. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास खर्चावे लागतात. हा पैसा वस्तूंकडे अधिक धावतो, कारण वस्तूस फीत बांधता येते व ती कापताना छायाचित्र निघते. शिक्षकाच्या तासास फीत बांधता येत नाही. परंतु त्याच नियमांत चालू प्रकल्पासाठी आरंभीचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांची मुभा आहे. तेव्हा टॅब्लेटांची संख्या निम्मी करा, पण तीन वर्षे दुरुस्तीचा खर्च, शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे दिवस, आणि नळ्या-चकत्या-पान्हे ह्यांसाठी रक्कम द्या, आणि मोडले तर भरपाई मागणार नाही असे लिहून द्या, अशी आमची विनंती आहे. उत्तर अजून यावयाचे आहे. ह्या विनंतीमुळे दान हातचे जाईल अशी भीती काही सभासदांस वाटते. ती निराधार नाही. तथापि अटीवाचून घेतलेले टॅब्लेट तीन वर्षांनी कोणत्या कपाटात असतील हे आम्ही आजच सांगू शकतो.

ह्या पट्ट्याच्या शेजारी धडे घेण्यास जागा थोड्या नाहीत. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे मुले कामातून शिकतात, व त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम कित्येक खेड्यांतील शाळांत चालतो. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर पहिल्या फॅबलॅबांपैकी एक २००२ साली तेथेच निघाली. परंतु ती येण्याआधी जवळजवळ वीस वर्षे तेथे लोखंड कापणे चालू होते. आणि चाकण ज्या तालुक्यात आहे त्याच खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत ‘विषयमित्र’ म्हणून पद्धत आहे: मुलेच मुलांस शिकवितात. त्या शाळेस २०२५ साली जागतिक उत्तम शाळांच्या पारितोषिकांत लोकपसंतीचा मान मिळाला. आमच्याही सातवीच्या मुलींनी टॅब्लेट सांभाळावे व चौथी-पाचवीस दाखवावे, असे आम्ही योजिले आहे.

राहता राहिले शब्द. पुस्तकात दट्ट्या, दंतचक्र, झडप आहेत. कारखान्यात पिस्टन, गिअर, व्हॉल्व्ह. आटे, पक्कड, कानस, छिन्नी हे शब्द दोन्हीकडे जिवंत आहेत, आणि काही शब्द तर फक्त आपल्या खात्यांतच बोलले जातात, ते कोणत्याच कोशात नाहीत. चित्रावर कोणता शब्द लिहावयाचा? आमचे मत असे पडले की, बाप जो शब्द बोलतो तो मोठ्या अक्षरांत, व पुस्तकातील शब्द त्याखाली. म्हणजे संध्याकाळी मूल घरी गेले की दोघांस बोलावयास काही असेल.

हा शब्दसंग्रह पुढील रविवारपासून, दुसऱ्या मिस्सेनंतर, पाचवीच्या वर्गात बसून करावयाचा आहे. पहिला विषय हापसा, दुसरा सायकल, तिसरा नळाची तोटी. ज्यांची त्या दिवशी पहिली पाळी असेल त्यांच्यासाठी सायंकाळी सहा वाजता पुन्हा बसू. प्रत्येकाने आपल्या खात्यात वापरले जाणारे दहा शब्द, जसे बोलतात तसेच, कागदावर लिहून आणावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये, ते काम आमचे. ज्यांस लिहिण्याचा कंटाळा असेल त्यांनी मुलास घेऊन यावे, तो लिहील. कारखान्यातील कोणताही भाग मात्र लेखी परवानगीवाचून आणू नये; फाटकावरील पहारेकऱ्यास आम्हांस उत्तर द्यावयाचे नाही.